मदत हवी आहे: शिडाच्या बोटीने मुंबई ते मुरूड

जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतलीय. हार्बरात हात बसलाय, आता डिसेंबरात आम्ही घरचे चौघे मुरूडला निघतोय. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर सुटायचं, दुपारी वायव्येचा वारा पाठीशी घ्यायचा. वाटेतल्या खांदेरी-उंदेरी बेटांच्या खडकांना बाहेरून वळसा. धास्ती आहे ती डोलजाळ्यांची (कोळ्यांनी समुद्रात बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी). बोये अर्धे पाण्याखाली, दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला की संपलंच. अंधारात जायचं नाही, हे बायकोने ठरवूनच टाकलंय (बरोबरच आहे म्हणा).

मग रात्री नांगर कुठे टाकावा? आमच्या बोटीला ४ फूट पाणी लागतं. उधाणाच्या ओहोटीला (तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं) रेवदंड्याच्या खाडीत तेवढं मिळेल का? की थेट राजपुरीच्या खाडीत, जंजिरा किल्ल्याच्या आतल्या बाजूला शिरावं? तिथे तळ चिखलाचा की खडकाळ? तिकडच्या कोळी मंडळींनी जरूर सांगा. आणि धाकट्याला बोट लागते, त्यावर काय देता?