एका वाक्यात चार प्रश्न : प्रश्नचिन्ह एक की चार?

शाईदौत (धागाकर्ता)
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा तपासताना एका वाक्यावरून आम्हा दोघा संपादकांत मतभेद झाला. वाक्य असे : "पुनर्विकासाचा प्रस्ताव कोणी आणला, केव्हा आणला, सभासदांची संमती घेतली का आणि घेतली नसल्यास तो पुढे कसा सरकला?" सहकाऱ्यांचे म्हणणे असे की प्रश्न चार आहेत, तेव्हा प्रश्नचिन्हेही चार हवीत. माझ्या मते वाक्य एक असेल तर प्रश्नचिन्हही एकच, आणि तेही शेवटी. 'कोणी', 'केव्हा', 'का' ही पदेच आपण प्रश्न वाचत आहोत हे सांगून टाकतात. मध्ये स्वल्पविराम पुरतो. शिवाय इंग्रजीत मधल्या प्रश्नचिन्हानंतर लहान लिपीतले अक्षर लिहून वाक्य अजून चालू असल्याचे दाखवता येते. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्याने प्रश्नचिन्ह दिसले की वाक्य संपले, असे वाचक गृहीत धरतो.

अर्जदार
मी असहमत आहे. माहिती अधिकाराचे अर्ज लोकांना लिहून देण्याचे काम मी करतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारणतः १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे प्रश्न एकामागून एक ओवले जातात. "रस्त्याचे काम कोणाला दिले, किती रकमेला दिले, मुदत कधी संपली आणि दंड आकारला का?" असे विचारले की उत्तर येते : "दंड आकारलेला नाही." बाकीच्या तीन प्रश्नांची दखलच घेतली जात नाही. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह असले की निदान अपिलात बोट ठेवून दाखवता येते.

शाईदौत
तो दोष स्वल्पविरामाचा नाही, उत्तर देणाऱ्याचा आहे. अर्जात अ, ब, क, ड असे क्रम घालावेत. तिथे एका वाक्याचा आग्रह कोणी धरला आहे?

पदच्छेद
मूळ मुद्दा मराठीच्या वाक्यरचनेचा आहे, आणि त्याकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. आपले क्रियापद सहसा शेवटी येते आणि आधीचे सगळे प्रश्न त्याच्याच आधाराने उभे असतात. "सभा कधी, कुठे आणि कोणाच्या अध्यक्षतेखाली झाली?" या वाक्यात 'झाली' हे तिन्ही प्रश्नांचे क्रियापद आहे. आता "सभा कधी? कुठे? कोणाच्या अध्यक्षतेखाली झाली?" असे लिहून पाहा, पहिले दोन प्रश्न क्रियापदावाचून लोंबकळतात. इंग्रजीत क्रियापद पहिल्याच प्रश्नात येऊन जाते, म्हणून पुढचे तुकडे तिथे खपतात. विरामचिन्हे आपण एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून घेतली आणि त्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण चिन्ह घेतले म्हणून त्यांची वाक्यरचनाही घ्यावी असे थोडेच आहे?

तिसरी घंटा
क्रियापद शेवटीच येते हे पुस्तकात ठीक आहे. बोलताना आई विचारते, "गेला होतास कुठे? कोणाबरोबर? कशाला?" इथे स्वल्पविराम घातले तर दरडावणीची चौकशी होते. नटाला कुठे थांबायचे हे त्या चिन्हांवरूनच कळते.

पदच्छेद
मान्य, पण ती तीन वाक्ये झाली. पुढच्या दोन्हींत 'गेला होतास' अध्याहृत आहे.

तिसरी घंटा
एक वाक्य आणि तीन चिन्हे, की तीन वाक्ये, हे देवनागरीत ओळखायचे कसे? धागाकर्त्यांनीच सांगितले की आपल्याकडे मोठी अक्षरे नाहीत. मग भांडण वाक्यांच्या संख्येचे उरतच नाही, फक्त थांबायचे की नाही एवढेच उरते.

शाईदौत
उरते, आणि पुढे शेपूट जोडले की लगेच उघडे पडते. "कुठे गेला होतास? कोणाबरोबर? असे तिने विचारले." यातील 'असे' कशाला धरून आहे? एक तर प्रश्न अवतरणात घालावे लागतील, किंवा "कुठे गेला होतास, कोणाबरोबर गेला होतास, असे तिने विचारले." असे लिहून शेवटी पूर्णविराम द्यावा लागेल. "कोण आले, का आले, हे कोणाला ठाऊक?" यातील एकमेव प्रश्नचिन्हसुद्धा 'कोणाला' या पदासाठी आहे, आधीच्या दोहोंसाठी नाही. वर्तमानपत्रांत मात्र "तो कधी आला, कोणाला भेटला याची चौकशी सुरू आहे?" असले मथळे सर्रास दिसतात.

अर्जदार
हे सगळे ठीक. अहवालातील वाक्याचे काय करणार, ते सांगा.

शाईदौत
चौथा प्रश्न तिसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून तिथे तोडता येणार नाही. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र तशी अडचण नाही. सहकाऱ्यांना असे सुचवीन : "पुनर्विकासाचा प्रस्ताव कोणी आणला आणि केव्हा आणला? सभासदांची संमती घेतली का, आणि घेतली नसल्यास तो पुढे कसा सरकला?" वाक्ये दोन, चिन्हे दोन, माझा नियम शाबूत राहतो.

अर्जदार
तुमचा नियम शाबूत राहील, पण समितीकडून फक्त नाव कळेल आणि 'केव्हा' तसेच राहील. मी तिथे तिसरे चिन्ह घातलेच असते.