बाळाच्या मानेवर लाल पुरळ, घामोळं आहे का? लवकर सांगा प्लीज

झोपमोड: मानेवर बारीक लाल लाल उठलंय, रात्रभर कुरकुर, ना स्वतः झोपतंय ना आम्हाला झोपू देतंय. नेटवर फोटो बघितले तर सगळे रॅश सारखेच दिसतात. काय लावू तेवढंच सांगा, लेक्चर नको.

तिरपागडा: बाळ केवढं? ताप आहे? फक्त मानेवरच? आम्ही काय ज्योतिषी आहोत का?

गप्पिष्ट_बाबा: घामोळ्यांची पावडर, भरपूर. विषय संपला. आमची दोन्ही पोरं त्यावरच वाढली.

अबोली_के: पावडर अजिबात नको! ती उडून बाळाच्या श्वासात जाते, आणि घामात भिजली की मानेच्या वळ्यांत लगदा होऊन बसते. घामोळ्यांच्या पावडरीत मेन्थॉल, कापूर असलं काहीबाही असू शकतं, ते तान्ह्यांसाठी नसतं.

गप्पिष्ट_बाबा: मग आमच्या पोरांना काही झालं नाही ते कसं?

तिरपागडा: सीटबेल्ट न लावतासुद्धा बरेच जण घरी पोचतात बाबा.

झोपमोड: अहो भांडू नका. चार महिन्यांचं आहे. ताप नाही, अंग जरा गरम लागतंय.

अबोली_के: जरा गरम म्हणजे? हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघा.

निशाचर७: मला जिमला जाऊन पाठीवर येतं, सुती टीशर्ट घालायला लागल्यापासून कमी आहे. केस गळण्यावर कोणाकडे काही उपाय आहे का?

मधली_सून: उन्हाळा आहे, थोडं थोडं पाणी पाजत राहा.

अबोली_के: सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा द्या. झोपमोड, घामोळ्यात घामाच्या नळीचं तोंड बंद होतं आणि घाम आतच अडकतो. अगदी वरच्या थरात अडकला तर पारदर्शक पाणीदार पुटकुळ्या, त्या खाजत नाहीत. जरा खोल अडकला की लाल, टोचणाऱ्या. मान, पाठ, छाती, काख, जांघ, जिथे कपडा घासतो तिथे जास्त. तळहात-तळपायांवर किंवा तोंडात फोड दिसले तर ते घामोळं नव्हे. कोरडं खरखरीत असून गालांवर असेल तर एक्झिमा असू शकतो. डायपरखाली वळीत भडक लाल चट्टा आणि कडेने सुटे ठिपके असले तर बुरशी. तुमच्याकडे यातलं काय आहे?

झोपमोड: मान, पाठ आणि डायपरच्या इलॅस्टिकची रेघ. गाल साफ. थर्मामीटर ३७.१. थंडीतलं जाड क्रीम होतं ते लावतेय, टोपी असते.

तिरपागडा: हे पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं ना! उन्हाळ्यात टोपी??

अबोली_के: क्रीम आजपासून बंद, तेलही नको, त्यानं नळ्या अजून बुजतात. टोपी काढा, सैल सुती एकच थर. कोमट पाण्यानं साबणाशिवाय अंघोळ, वळ्या न घासता टिपून कोरड्या करा, मधून मधून डायपरशिवाय मोकळं ठेवा. अंग थंड राहिलं तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप जातं.

मधली_सून: पण पंखा थेट अंगावर नको, सर्दी होते.

गप्पिष्ट_बाबा: सर्दी व्हायरसनं होते, पंख्यानं नाही. एसी लावा सरळ.

मधली_सून: पावडरवाल्यांनी आता व्हायरस शिकवायचा?

झोपमोड: कॅलामाइन चालेल का?

अबोली_के: एवढ्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारूनच, बरेचदा लागतही नाही. आणि घरातली स्टेरॉइडची ट्यूब मनानं लावू नका. पू, सूज, ताप आला किंवा दूध तोडलं तर लगेच दाखवा. ताप असून ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबल्यावर ते फिके पडले नाहीत, तर थेट इमर्जन्सी, सकाळची वाट बघू नका.

झोपमोड: दाबून बघितलं, फिके पडतात. क्रीम बंद केलं. टोपी कोणाची आयडिया होती ते इथे लिहीत नाही. एसी लावायचा की पंखा, यावर तुमचं एकमत झालं की कळवा.

निशाचर७: केसांचं राहिलं.