मदत हवी आहे: प्रश्न कसा विचारू?

ट्रम्प यांनी जुलै २०२५ अखेरीस भारत-रशियाच्या अर्थव्यवस्थांना ‘डेड’ म्हटलं, ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं अमेरिकेतलं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यावर पुण्यातल्या सामान्य माणसांना काय वाटलं, हे एमएच्या प्रकल्पासाठी विचारतेय. मंडई आणि सारसबागेत मिळून बावीस जण झाले.

अडचण अशी, की ‘मृत अर्थव्यवस्था’ म्हटलं की लोक आधीच चिडतात. नुसतं ‘वक्तव्य’ म्हटलं, तर एक भाजीवाले काका म्हणाले, “कुठलं? रोज एक असतं!” (खरंय म्हणा.) मूळ इंग्रजी वाक्य वाचून दाखवलं, तर निम्मे गप्प.

ऑनलाइन फॉर्म चालणार नाही, मुलाखती समोरासमोरच हव्यात. रेकॉर्डिंगला लोक तयार नसतात. सर्वेक्षणाचा अनुभव असलेल्यांनी सांगावं: वक्तव्याची आठवण करून देणारा, पण उत्तर सुचवून न टाकणारा प्रश्न बोलीभाषेत नेमका कसा विचारायचा?