पी०१८४ येतो-जातो: इंधन तापमान सेन्सर बदलू की वायरिंग बघू?

प्रश्न: कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणारी) डिझेल गाडी. हायवेला तासभर चालली की इंजिन चेकचा दिवा लागतो, पिकअप पडतो. गार झाली की ठीक. स्कॅनरवर पी०१८४ हा बिघाडाचा कोड. गॅरेजवाले सेन्सर बदला म्हणतात. माझ्याकडे स्कॅनर, मल्टिमीटर आहे. आधी काय तपासू?

उत्तर १: थांबा, सेन्सर घेऊ नका. पी०१८४ एवढंच सांगतो की इंधन तापमान सेन्सरचं सर्किट अधूनमधून तुटतंय. सिग्नल सतत कमी असता तर पी०१८२ आला असता (वायर अर्थला टेकलेली), सतत जास्त असता तर पी०१८३ (सर्किट उघडं). रात्रभर उभ्या गाडीत सकाळी नुसतं इग्निशन ऑन करून कूलंट, हवा आणि इंधन यांची तापमानं बघा. दोन-चार अंशांत जुळायला हवीत. मग कनेक्टर काढा. सिग्नल पिनवर ५ व्होल्टच्या आसपास हवेत, स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत उणे ४० दिसतं. काही ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) खऱ्याऐवजी पर्यायी आकडा दाखवतात, म्हणून व्होल्टेजवरच विश्वास ठेवा. तिथे १२ व्होल्ट चुकूनही लावू नका.

उत्तर २: गरम झाल्यावरच का, हे इथे महत्त्वाचं. हा सेन्सर एनटीसी, तापला की रोध घटतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना साधारण २५०० ओहम, ८० अंशांना ३०० च्या आसपास. पिनेत २५० ओहमचा खराब संपर्क असेल तर गार असताना जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो, कळतही नाही. ८० ला मात्र आकडा थेट साठाच्या आसपास उतरतो. त्यामुळे गार गाडीवर मोजून ‘सेन्सर ओके’ म्हणण्यात अर्थ नाही. इंजिन तापल्यावर स्कॅनरवर ग्राफ लावा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) कनेक्टरपासून सुरू करून वीतभर लांबीपर्यंत हलवत जा.

प्रश्नकर्ता: केलं. कनेक्टरजवळ वायर हलवली की ७० वरून ४५ वर उडी, सोडली की परत ७०.

उत्तर ३: सापडलं मग. सेन्सर राहू द्या. सेन्सरच्या पिनेएवढ्याच जाडीची सुटी पिन फिमेल टर्मिनलमध्ये घालून ओढा. सैल निसटली तर टर्मिनल बदला. पक्कडीने दाबून घट्ट केलेलं महिनाभरात परत सैल होतं. आत डिझेल झिरपलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा आणि रबर सील नवं घाला. वायर ताणलेली असेल तर थोडी ढील ठेवून बांधा. इंजिन चालू असताना हाय प्रेशर लाइनचा नट मात्र हलवू नका, तिथला दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो. शेवटी कोड पुसा आणि ग्राफ चालू ठेवून हायवेवर परत तासभर गाडी चालवून बघा.