ऊर्जा अर्थशास्त्रात पीएचडी: गोरेगाव की पवई?

प्रश्न: विद्युत अभियांत्रिकीत एम.टेक. झाले असून शेतीपंपांच्या वीजदरावर पीएचडी करायची आहे. अर्थशास्त्राची पदवी नसताना गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा विचार करावा, की पवईच्या आयआयटीचा?

उत्तर १: आधी प्रश्न पक्का करा, संस्था मागाहून ठरेल. राज्य विद्युत नियामक आयोगाचे वीजदर आदेश सर्वांना खुले आहेत. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो, आणि तो अंदाज फुगला की वितरणातील गळती, म्हणजे पुरवलेली पण वापराच्या हिशेबात न आलेली वीज, कागदावर आपोआप कमी दिसते. माझ्या मते प्रबंधाचा विषय तिथेच आहे.

उत्तर २: सहमत. मात्र अर्थमितीची (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणाची) तयारी आतापासूनच करा; अभियंत्यांची दमछाक तिथेच होते. पवईत धोरण अभ्यास केंद्रही आहे. संभाव्य मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचल्याशिवाय अर्ज भरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फीडरनिहाय, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वीजवाहिनीचे, आकडे मिळतील का?

उत्तर १: माहिती अधिकारात मागून पाहा.