पाव महागला तो कोर्टामुळे? आधी गॅसचं बिल उलगडून बघा!

खाडीकाठचा: दोन दिवसांत तोच मेसेज चौथ्यांदा आला: "हायकोर्टाच्या हट्टापायी मुंबईच्या बेकऱ्या बुडणार, प्रदूषणाच्या नियमांनी गॅसचं बिल धंद्याच्या मुळावर." डोकं उठलं म्हणून सविस्तर लिहितोय. ९ जानेवारी २०२५ चा आदेश म्हणतो, सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडा. गॅसचा दर काय लावा, हे त्यात कुठे आहे? देशातला स्वस्त गॅस आधी सीएनजीला आणि घरगुती पाइपला जातो. त्यावर सरकारने २०२३ मध्ये दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) साडेसहा डॉलरची कमाल मर्यादाही बांधली. हॉटेल, बेकरी, कारखाना यांच्या वाट्याला मुख्यतः महागडा आयात एलएनजी, म्हणजे जहाजाने येणारा द्रवरूप गॅस. म्हणून २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि इथल्या धंदेवाल्यांचं बिल भडकलं. शिव्या द्यायच्या तर वाटपाच्या त्या रांगेला द्या.

भट्टीपुत्र: रांगेत मी मागे आहे हे तुमच्याकडून कळायची गरज नव्हती. पण साहेब, आधी मी त्या रांगेत उभाच नव्हतो! आदेशाने मला तिथे आणून उभं केलं. लाकूडवाल्याशी घासाघीस करता यायची, एकाने नाही दिलं तर दुसरा. पाइपवाला एकच. तो सांगेल तो भाव. शिवाय नवी ओव्हन, डिपॉझिट, आणि जागा पागडीची, मीटर बसवायला मालकाची सही लागते. मालक सही कशाची करतोय, त्याला आम्ही जायलाच हवे आहोत.

टाईल्सभाऊ_सांगली: भट्टीपुत्रांना अनुमोदन. गुजरातमधल्या मोरबीच्या टाईल्स कारखान्यांचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये हरित लवादाने कोळशापासून गॅस बनवणारे गॅसिफायर बंद केले, सगळे कारखाने पाइपच्या गॅसवर आले. २०२२ ला भाव असे चढले की ऑगस्टमध्ये महिनाभर भट्ट्या बंद. माझी गिऱ्हाइकं बाथरूम अर्धवट ठेवून मला फोन करत होती. मग कारखानदार प्रोपेनकडे, म्हणजे पाइपऐवजी टाकीतून येणाऱ्या गॅसकडे वळले.

खाडीकाठचा: म्हणजे पर्याय होता आणि त्यांनी तो निवडला. माझाच मुद्दा झाला.

टाईल्सभाऊ_सांगली: तीन वर्षं पोळल्यावर निवडला. तुमचा कसा झाला?

तिसरा_मजला: सगळे बिलावर बोलताय, धुरावर कोण बोलणार? आमच्या खाली बेकरी आहे. जळतं काय, तर मोडलेल्या घरांची दारं, सनमायका लावलेलं प्लाय, पॉलिशचं भंगार. पहाटे तीनला खिडक्या लावून घ्यायच्या. मुलीच्या नेब्युलायझरचं बिल कोणत्या रांगेत बसतं?

भट्टीपुत्र: बेकरी आधीची की तुमचा फ्लॅट?

तिसरा_मजला: वा! म्हणजे आधी आलेल्याने विष सोडायचा परवाना घेतलाय का?

कर_सल्लागार_नव्हे: मूळ दुखणं तुम्ही कुणी बोलतच नाही. नैसर्गिक गॅस जीएसटीच्या बाहेर आहे! २०१७ पासून. धंदेवाला गॅसवर व्हॅट भरतो आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, मिळत नाही. गॅस जीएसटीत आणा, बिल आपोआप उतरेल.

लेखापाल_ताई: नाव योग्य ठेवलंय. पावावर जीएसटी शून्य आहे. विक्रीवर करच नाही तर क्रेडिट कशाला लावणार? आणि महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणलाय. जीएसटीत त्याहून कमी दर मिळेल असं वाटतं का?

कर_सल्लागार_नव्हे: बेकरीत काय नुसता पाव विकतात? खारी, टोस्ट, नानकटाई?

लेखापाल_ताई: मग त्या प्रमाणातच क्रेडिट. बेकरीवाला कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत असेल तर तेही नाही. आणि व्हॅट उतरल्यावर काय झालं आठवतं? सीएनजी १ एप्रिलला ६ रुपयांनी स्वस्त, आठवड्याच्या आत ७ रुपयांनी महाग. कर कमी करून गॅस स्वस्त होत नाही, कंपनीला भाव वाढवायला जागा होते.

कर_सल्लागार_नव्हे: टोमणे मारण्यापेक्षा कारखान्यांचा विचार करा. जग बेकरीपुरतं नाही.

लेखापाल_ताई: धागा बेकरीचा आहे. कारखान्यांचा वेगळा काढा, तिथेही येते.

भट्टीपुत्र: तुमचं दोघांचं आटपलं की सांगा, मी तोवर कणीक तिंबतो.

खाडीकाठचा: बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहालाच्या परिसरातला कोळसा बंद केला, तेव्हा फिरोजाबादच्या काच कारखान्यांना नियंत्रित भावाचा गॅस मिळाला. म्हणजे नियम आणि स्वस्त गॅस एकत्र देता येतो. मुंबईत फक्त नियम दिला. पण पाव म्हणजे काही जगातलं आश्चर्य नव्हे, त्यामुळे आशा ठेवू नका.

भट्टीपुत्र: उपकार झाले. कोर्टाचा दोष नाही म्हणत म्हणत शेवटी आमच्याच ओट्यावर येऊन बसलात.

तिसरा_मजला: स्वस्त गॅस मागा, मी सही करते. पण तो येईपर्यंत दारं जाळायची नाहीत.

भट्टीपुत्र: सही मालकाची हवीय, ताई. पागडीच्या जागेत मीटर बसवून घेतलाय असं कुणी इथे असेल तर अनुभव लिहा. व्हॅटवाल्यांनी थोडा वेळ गप्प बसावं.

कर_सल्लागार_नव्हे: बसणार नाही.