मदत हवी आहे: आईचा पेट स्कॅन, 'साखरेचं इंजेक्शन' आणि तिनं बंद केलेली साखर

उसाचा_फड

नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यातून लिहितोय. आईला (वय ५८) दोन वर्षांपूर्वी थायरॉईडचा कॅन्सर निघाला, पॅपिलरी प्रकारचा. ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढली, मग रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस झाला. वर्षभर बरं चाललं होतं. आता रक्तातलं थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशींतून येणारं प्रथिन, ग्रंथी काढल्यावर ते वाढलं तर आजार परतल्याची शंका येते) दर तपासणीला थोडं थोडं वाढतंय, आणि आयोडीनच्या स्कॅनमध्ये मात्र कुठंच काही दिसत नाही. डॉक्टरांनी पुण्याला जाऊन पेट (PET) स्कॅन, म्हणजे आजार अंगात कुठं आहे ते शोधणारी तपासणी, करायला सांगितलंय. पुढच्या मंगळवारची वेळ मिळालीय.

अडचण आईची आहे. चार महिन्यांपूर्वी मावशीनं व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'साखर हेच कॅन्सरचं खाद्य'. तेव्हापासून आधी चहातली साखर गेली, मग भात, मग चपाती. आता भाकरी चतकोरावर आलीय. सहा किलो वजन उतरलं. दारात उसानं भरलेली ट्रॉली उभी आणि आत आई कोरा चहा पितेय, असं आमचं घर. त्यात स्कॅन सेंटरवाला फोनवर म्हणाला, "आम्ही साखरेसारखं औषध शिरेतून देतो, कॅन्सरच्या पेशी ते ओढून घेतात." झालं! आई म्हणते, "चार म्हैनं तोंडात घातली न्हाई ती तुम्ही आता सुईनं घालणार व्हय?"

वर तिचा एक मुद्दा आहे, त्यावर मी गप्प बसलो. आयोडीनच्या डोसाआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ, मासे, दूध बंद करायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "तवा उपाशी ठेवलं म्हणून पेशींनी आयोडीन ओढलं. मग साखरंला उपाशी ठेवलं तर मरायच्या न्हाईत का?"

मी बी.कॉम. माणूस, काय सांगू? साखर बंद करून खरंच उपयोग होतो का? आणि या इंजेक्शननं आजार वाढेल का?

हरिपूरचं_पेव

पांढरी साखर विषच आहे. गूळ द्या. नैसर्गिक असतो, त्यानं काही होत नाही.

वर्गाबाहेरचा_तास

हरिपूरकर, गुळातही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरच असते. आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालं की ते ढेपेतून आलं की पोत्यातून, हे पेशीला कळत नाही.

उसाचा_फड, मी डॉक्टर नाही. साताऱ्यात कॉलेजात जीवरसायन शिकवायचो, आता निवृत्त आहे. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगतो.

आधी आईंच्या मुद्द्याचं, कारण तो चांगला आहे. माझ्या वर्गात असा प्रश्न फार कमी वेळा आला. आयोडीनपुरतं त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. शरीराला आयोडीन तयार करता येत नाही, ते खाण्यापिण्यातूनच यावं लागतं. म्हणून दोन आठवडे तोडलं की थायरॉईडच्या पेशी खरोखर भुकेजतात. ग्लुकोजचं तसं नाही, ते यकृत स्वतः बनवतं. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, त्यामुळे शरीर रक्तातली पातळी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. भात-भाकरी तोडली तर स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांचं ग्लुकोज करतं, आणि गाठ त्यातूनही आपला वाटा उचलते. म्हणजे आई उपाशी, गाठ नाही. सहा किलो उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. ग्रंथी काढल्यावर घ्यावी लागणारी थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या हार्मोनची) गोळी जास्त होत असली तरीही वजन उतरतं, तेव्हा सगळं खापर चतकोर भाकरीवर फोडू नका.

मावशींच्या मेसेजमागं थोडं सत्य आहे. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात पाहिलं, की हवा तितका ऑक्सिजन असूनही गाठीच्या पेशी ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत. अर्ध्यावर सोडून त्याचं लॅक्टेट, म्हणजे अर्धवट मोडलेलं ग्लुकोज, करतात आणि बाहेर टाकतात. पूर्ण जाळलं तर ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची साधारण ३० नाणी, म्हणजे एटीपी, मिळतात. या वाटेनं फक्त २. तुमच्या भाषेत सांगायचं तर ऊस एकदाच घाण्यातून काढायचा आणि अर्धा रस चिपाडातच सोडायचा. असा घाणा चालवायचा तर ऊस गाड्यांनी लागणार! मग पेशी असं का करते? एक तर हे काम झटपट होतं. दुसरं, तिला निव्वळ ऊर्जा नको असते. नवीन पेशी उभी करायला लागणारा माल, डीएनएचे तुकडे, चरबी, याच ग्लुकोजच्या कार्बनमधून बनतो. आणि टाकलेलं लॅक्टेटही वाया जातंच असं नाही. मळीतून जशी पुढं स्पिरिट निघते, तशा काही शेजारच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात.

आता थायरॉईडचं. शहाण्या थायरॉईड पेशीच्या आवरणात आयोडीन आत खेचणारा पंप असतो. पॅपिलरीच्या बऱ्याच गाठींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल झालेला असतो, त्यानं हा पंप मंदावतो. पेशी आपलं मूळ वळण जसजशी विसरते, तसतशी ती आयोडीन सोडते आणि ग्लुकोजची दारं वाढवते. त्यातल्या एका दाराचं नाव ग्लूट-१. डॉक्टर याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. आयोडीन स्कॅन कोरा आणि थायरोग्लोब्युलिन चढतं, अशा वेळी पेट सुचवतात तो यासाठी.

ते इंजेक्शन म्हणजे एफडीजी. ग्लुकोजचा एक कोपरा काढून तिथं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं असतं. पेशी फसते, दार उघडते, आत घेऊन त्याला फॉस्फेट चिकटवते. पण पुढची पायरी त्या बदललेल्या कोपऱ्यामुळे होत नाही, आणि फॉस्फेट लागल्यामुळे बाहेरही पडता येत नाही. अडकून बसतं आणि तिथं स्कॅनमध्ये ठिपका दिसतो. पेशीला त्यातून ऊर्जा मिळत नाही. मात्राही साखरेच्या एका दाण्याहून कमी. फ्लोरिनची किरणं दर ११० मिनिटांनी निम्मी होतात. त्यानं आजार वाढण्याची भीती नको.

एक मात्र ध्यानात ठेवा, चमकलेला प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो. सूज, जंतुसंसर्ग यांतल्या पेशीही ग्लुकोज खातात. रिपोर्ट हातात पडल्यावर गाडीत बसून गूगल करू नका.

पेठनाक्यावरची

सासूबाईंचा पेट झालाय, म्हणून सांगते. आदल्या दिवशी शेतात राबायचं नाही, दमलेले स्नायू साखर ओढतात. सहा तास उपाशी. तिथं बोटातून शुगर बघतात, २०० च्या वर असेल तर बहुतेक परत पाठवतात. शुगरची गोळी चालू असेल तर फोन करून आधीच विचारा, मेटफॉर्मिननं आतडी चमकतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, बोलायचंसुद्धा नाही. आमच्या सासूबाईंना तेच सगळ्यात जड गेलं. थंडी वाजू देऊ नका, शाल न्या. त्या दिवशी घरी तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर आईंना लांब बसवा.

उसाचा_फड

सगळ्यांचे आभार. शुगर नाहीये आईला. सर, तुमचं लिहिलेलं रात्री वाचून दाखवलं. घाण्याचं तिला लगेच पटलं, "अर्धा रस चिपाडात म्हंजी दळभद्री कारभार" म्हणाली. इंजेक्शनचं ऐकून थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजी साखरंचं बुजगावणं हाय म्हणा की." आज अख्खी भाकरी खाल्ली, आमटीबरोबर. चहा अजून कोराच आहे, त्यावर मी काही बोललो नाही. उपाशी राहायचं असल्यामुळे साताऱ्यात थांबून कंदी पेढे घ्यायचे नाहीत, असं तिनंच मला बजावलंय. वजनाचं डॉक्टरांना उद्या फोनवर सांगतो.

एक राहिलं. पहाटे चारला निघणार, गाडीत पाणी चालतं ना?

पेठनाक्यावरची

साधं पाणी चालतं, भरपूर पाजा. लिंबू-सरबत नको. आणि येताना पेढे घ्या की, तेव्हा कोण अडवतंय.